राहीची दाढ

गुणाजी लांज्याजवळच्या एका वाडीतला. गिरगावात एका पारशी दंतवैद्याच्या दवाखान्यात तो झाडलोट करी, हत्यारं उकळून ठेवी. लहान मूल आलं की डॉक्टर त्यालाच हाक मारत, कारण रडणारं पोर गुणाजीच्या मांडीवर निवांत बसे. डॉक्टर आधी आरसा पोराच्याच हातात देत, दात मोजत, मग कीड कोरून खड्डा चांदीने भरत. आयांना बजावत, "दुधाचे म्हणून सोडू नका. कीड मुळाशी गेली की पू होतो."

१९३१ च्या शिमग्याला गुणाजी घरी आला. सहा वर्षांची लेक राही त्याला बघून तोंड भरून हसली, आणि तिच्या दाढेतला काळा खड्डा त्याला दिसला. मुंबईहून वाडीत येणाऱ्या प्रत्येकाबरोबर तिला साखरेच्या गोळ्या पाठवणारा तोच होता.

"हिला मुंबईला नेतो," तो बायकोला, बकुळाला म्हणाला.

"दुधाची दाढ ती, पडायचीच. तेवढ्यासाठी पोरीला आगबोटीत घालणार तुमी?"

त्याने वाद घातला नाही. पावसाळा सरला की नेऊ, म्हणून एकटाच परतला.

श्रावणात राहीचा गाल सुजला. बकुळाने दाढेत लवंग धरली, वरून हळदीचा लेप लावला. तिसऱ्या दिवशी सूज गळ्यावर उतरली, पोरीला पाणी गिळवेना. दीर रामाने तिला डोलीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून मोटारीने रत्नागिरीच्या इस्पितळात नेलं. संध्याकाळपर्यंत ती गेली.

पावसामुळे आगबोटी बंद होत्या. गुणाजीला नुसती तार मिळाली. तीन दिवस तो कामावर गेला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी एक मुलगी त्याच्या मांडीवर बसवली, आणि तो हुंदके देऊन रडू लागला. ती बिचारी आपलं दुखणं विसरून त्याच्याकडे बघत राहिली.

पुढे दर शिमग्याला तो वाडीतल्या पोरांचे दात तपासू लागला. त्या वेळी बकुळा परसात निघून जायची. राहीचं नाव दोघंही काढत नसत.

१९३५ साली मात्र बकुळा शेजारच्या ठमाबाईच्या चिमाला हाताला धरून घेऊन आली.

"हिची दाढ बघा."

"किडलीय. आई सोडेल हिला?"

"मी बोललेय तिच्याशी. ती पण येतेय. ह्याच खेपेला न्या."

लांज्याच्या मोटारीपर्यंत बकुळा त्यांना पोचवायला आली. ठमाबाई लेकीला घेऊन आत बसली, तेव्हा बकुळाने हळूच विचारलं, "माझ्यामुळं गेली का हो राही?"

"नाही," गुणाजी म्हणाला. "तुला ठाऊक नव्हतं. मला होतं."