शुक्रवारचा विषय

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि आमच्या घरातला टीव्ही एकदम मुका झाला. म्हणजे तो चालू असायचाच, सासूबाईंच्या मालिका कधी चुकल्या नाहीत. पण त्याच्यासमोर बसून खिदळणारं कुणी उरलं नाही. आम्हा मायलेकींचा तो जुना उद्योग. गोळी लागल्यावर नायक किती वेळ बोलतो, श्रीमंतांच्या घरात जिना दिवाणखान्यातच का असतो, गरीब नायिकेच्या झोपडीत इतके चांगले पडदे कुठून येतात, असल्या चर्चा आम्ही जेवताना करायचो आणि नवरा म्हणायचा, "आधी भात वाढा."

वसतिगृहात जरा रुळल्यावर तिने फोन केला. "आई, हे सगळं तू लिही. मी तुला ब्लॉग काढून देते. दर आठवड्याला एक विषय घ्यायचा. सिनेमा, मालिका, जाहिराती, गाणी, त्या विषयात जे बसेल ते. आणि दर शुक्रवारी टाकायचं."

"शुक्रवारीच का?"

"शुक्रवारी दुपारी मला तास नसतात. मी वाचेन ना."

एवढ्यावर माझा शुक्रवार ठरला.

मला हा नाद लहानपणापासूनचा. माझं माहेर नातेपुत्याचं. बाजारातून शेंगदाणे आणले की पुडीचा कागद मी सरळ करून वाचायचे. कधी नशिबाने सिनेमाची पुरवणी लागायची. नटीची मुलाखत नेमकी मधेच फाटलेली असायची, मग तिने पुढे काय उत्तर दिलं असेल ते मी मनाने लिहून टाकायचे. पुढे लग्न होऊन सोलापुरात आले, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या खरेदी खात्यात चिकटले आणि दिवसभर बेअरिंग, ग्रीस आणि हातमोज्यांसाठी फोन करण्यात वर्षं गेली. नाद मात्र तसाच राहिला.

लिहायला वेळ एकच, सकाळी कंपनीच्या बसमध्ये. मागच्या सीटवर बसून अंगठ्याने फोनवर टाइप करायचं. बस खड्ड्यात आदळली की शब्दाचं भलतंच काही व्हायचं. खलनायकांच्या घरातल्या सोफ्यांवर लिहिलं, तेव्हा एका ठिकाणी 'खलनायक'चा 'खलबत्ता' झाला आणि तसाच गेला. कुणा अनोळखी वाचकाने खाली लिहिलं, "खलबत्ता सोफ्यावर पाय टाकून बसतो, हे वाक्य फार आवडलं." मी ते दुरुस्त केलं नाही.

पहिला विषय जिने. मग हातातून पडणारी पूजेची ताटं, जाहिरातीतली कधीच न सांडणारी जेवणाची टेबलं, सिनेमातले डॉक्टर चष्मा नेमका कधी काढतात. लेक वाचायची, तिच्या खोलीतल्या मुली वाचायच्या, आमच्या खात्यातली एक बाई वाचायची. हळूहळू कुठली कुठली माणसं यायला लागली. घरात मात्र कुणाला त्याचं फारसं काही नव्हतं. नवऱ्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. त्याला एकदा वाचून दाखवलं तर म्हणाला, "छान आहे. पण त्या हवेलीतल्या झुंबराचं वायरिंग कोण करतं, ते लिही की."

दिवाळी झाली आणि सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी रजा टाकली. दर थोड्या वेळाने डोळ्यांत थेंब, काळा चष्मा, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, आणि काही दिवस टीव्ही बघायचा नाही. हे शेवटचं ऐकून त्यांचा चेहराच पडला. घरी आल्या त्या संध्याकाळी त्यांनी खुर्ची उलटी फिरवली, टीव्हीकडे पाठ केली आणि मला म्हणाल्या, "लाव."

"आई, डॉक्टर नको म्हणालेत ना?"

"बघू नका म्हणालेत. ऐकू नका कुठं म्हणालेत?"

रजा होती, पण बस नव्हती, त्यामुळे लिहिणंही नव्हतं. थेंबांच्या वेळा, बघायला येणारी माणसं, त्यांचे चहा. गुरुवार उजाडला तरी एक ओळ झाली नव्हती. मी लेकीला कळवणार होते की या वेळी राहू दे. तेवढ्यात खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "आता कोणतर दारात आलंय बघ."

मी टीव्हीकडे पाहिलं. खरंच दारात कुणीतरी उभं होतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"तीनदा ढॅण वाजलं की. एकदा वाजलं तर नुसतं एकमेकीकडं बघत्यात. तीनदा वाजलं की माणूस दारात. आता बासरी वाजंल, सून रडंल."

बासरी वाजली. सून रडली.

मी स्वयंपाकघरातून फोन घेऊन आले आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्या ऐकत होत्या आणि सांगत होत्या, मी टाइप करत होते. कुठला आवाज म्हणजे विष, कुठला म्हणजे नवरा परत आला, नव्या माणसाच्या बांगड्या कशा वाजतात. रंगात आल्या की त्या कानडीत शिरायच्या, त्यांचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं. मग मी "मराठीत सांगा" म्हणायचे आणि त्या "साकु," म्हणजे पुरे, "तेवढं कळत न्हाई तुला?" म्हणून पुढचं कानडीतच सांगायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता तेवढं कळतं. शुक्रवारचा विषय झाला 'डोळे मिटून मालिका'. त्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला तो माझ्यासाठी नव्हता. "आजीला दे," म्हणाली.

तेव्हापासून सासूबाई सोमवारी सकाळीच विचारायला लागल्या, "ह्या आठवड्याला काय?" मी डबा भरत असताना त्यांचे विषय यायचे. मालिकेतल्या देवघरांना दारं का नसतात. कुणालाच सर्दी का होत नाही. त्यांचा सगळ्यात जास्त राग होता तो कपड्यांवर.

"सकाळी उठल्या की शालू. झोपताना शालू. ह्यांना एकदा भाकरी करायला लावायला पायजे."

"आपणच करून बघू या का?" मी सहज म्हणाले. "रविवारी. दोघींनी मालिकेतल्यासारखं नटायचं आणि दिवसभर घरातलं सगळं काम करायचं. मग ते लिहायचं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, चुकलं काहीतरी. मग म्हणाल्या, "यव्वा! माझा लेकाच्या लग्नातला शालू कपाटात कुबट वास मारायलाय. त्याला तरी वारा लागंल."

रविवारी नवरा दुकानात माल आला म्हणून सकाळीच गेला आणि आम्ही तयारीला लागलो. मी माझा लग्नातला शालू नेसले. ब्लाउज आता होत नव्हता, तो पाठीमागे पिनांनी जुळवला. गळ्यात होतं नव्हतं ते सगळं, हातात कोपरापर्यंत बांगड्या, केस मोकळे. मालिकेत स्वयंपाक करताना कुणी केस बांधत नाही, त्यामुळे तो नियमच होता. सासूबाईंनी नथ घातली, ठुशी घातली, पदर खांद्यावर पिनेने असा लावला की खालचा जरीचा काठ सगळा दिसावा, आणि आरशात बघून स्वतःशीच एक भुवई वर केली. आमचं हसू तिथूनच सुरू झालं.

भाकरीला बसले आणि मालिकेतल्या सुनांबद्दल माझ्या मनात आदर निर्माण झाला. परातीवर बांगड्या अशा खणखणायच्या की शेजारी ऐकू जावं. पीठ बांगड्यांत अडकलं, केस पिठात आले, पदर सावरायला गेले तर जरीवर पांढरा पंजा उमटला. पहिली भाकरी थापता थापता फाटली. दुसरी तव्यावर टाकताना गळ्यातला हार तिच्यावर टेकला आणि तिच्यावर नक्षी आली. गॅसच्या जवळ पदर यायला लागल्यावर सासूबाईंनी नियम मोडून तो माझ्या कमरेला खोचला. "जळून मेलीस तर लिहिणार कोण?"

त्या स्वतः केर काढत होत्या. दोनदा वाकल्या, दोनदा नथ ओठात गेली. मग केरसुणी हातात धरून त्या दारात थांबल्या, सावकाश मान वळवली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि पुन्हा समोर. "ढॅण, ढॅण, ढॅण," त्याच म्हणाल्या.

नेमका तेव्हा गॅसवाला सिलेंडर घेऊन आला. त्याने आमच्याकडे पाहिलं, आत वाकून मांडव वगैरे दिसतो का ते पाहिलं. "कार्य हाय का घरात?"

"नाही," मी म्हणाले. "रविवार आहे."

तो सिलेंडर ठेवून मागे न बघता गेला.

दुपारी नवरा जेवायला आला. चप्पल काढता काढता त्याने आम्हा दोघींना पाहिलं आणि तो जागीच थिजला. त्याला मी रविवारचं काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर हिशोब सुरू झालेला दिसत होता, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, कुणाचं बारसं. तो मोरीत गेला, तोंड धुतलं, केस विंचरले आणि धुतलेला शर्ट घालून बाहेर आला. "हं," म्हणाला, "कुठं जायचंय?"

आम्ही दोघी एकमेकींना धरून हसत सुटलो. आणि त्याच वेळी दारात वैरागच्या आत्या उभ्या राहिल्या.

या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. सासरे गेल्यापासून घरातलं वडीलधारं माणूस म्हणजे त्याच. हातात घरच्या तूरडाळीची पिशवी, डोक्यावर पदर, एसटीने आलेल्या. त्यांनी सासूबाईंची नथ पाहिली. माझा शालू पाहिला. विंचरलेल्या केसांचा भाचा पाहिला. पिशवी उंबऱ्यातच ठेवली.

"पोरीचं ठरीवलं व्हय?"

"वन्सं, आत तरी या," सासूबाई म्हणाल्या.

"पावणं येऊन गेलं का यायच्यात? आन् मला येक फोन न्हाय? मी काय साखरपुड्यात साखर मागणार हुते का?"

"अहो आत्या, तसं काही नाहीये," मी पुढे झाले. "हे ब्लॉगसाठी आहे."

"कसला बलाग? त्यांचं आडनाव हाय का?"

आता हसलो असतो तर त्या उलट पावली वैरागला गेल्या असत्या. नवऱ्याने त्यांना हात धरून सोफ्यावर बसवलं. पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. सासूबाई समजवायला लागल्या आणि घाबरून अर्धं कानडीत बोलायला लागल्या, त्यामुळे आत्यांचा संशय आणखी वाढला. शेवटी मी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आमची लेक आली. केसांचा गुंता, अंगात कुठलातरी जुना टी-शर्ट, मागे पुस्तकांचा ढीग.

"तुजं लगीन ठरलं का गं?" आत्यांनी थेट विचारलं.

"माझं? आजी, माझी उद्या परीक्षा आहे." मग तिला मागे मी दिसले. "आई! केलंत तुम्ही? खरंच केलंत? भाकरी झाली का?"

तिच्या त्या आनंदाने आत्यांची खात्री पटली. साखरपुडा लपवणारी पोरगी भाकरीचं विचारत नाही. त्यांनी पाणी घेतलं. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. टीव्हीतल्या बायका घरात अशा वावरतात, ते खरंच जमतं का ते आम्ही बघतोय, आणि मग मी त्यावर लिहिणार.

आत्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "दाव भाकरी."

मी टोपली पुढे केली. त्यांनी नक्षीची भाकरी उचलली, उजेडात धरली, उलटी केली. आधी त्यांचे खांदे हलायला लागले आणि मग त्या अशा हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "ह्यी मालिकेतच दावा. खाऊ नगा कुणी."

त्यांनी उठून स्वतः भाकऱ्या केल्या. साध्या लुगड्यात, बघता बघता चवड उभी राहिली. आम्ही दोघी नटून त्यांच्यासमोर पाटावर बसलो आणि त्यांनी आम्हाला वाढलं. जेवता जेवता कळलं की आमच्या सासूबाई बघतात तीच मालिका आत्याही बघतात.

"त्यातलं मला येकच पटत न्हाय," त्या म्हणाल्या. "सारकं दाराआड हुबं ऱ्हाऊन ऐकत्यात. आमच्या घरी कुणाला दाराआड हुबं ऱ्हायची गरजच न्हाय. सगळी बोंबलूनच बोलत्यात. गुपित सांगायचं म्हनलं तर रानात जावं लागतंय."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी फोन शोधायला उठले, बांगड्या खळखळल्या.

शालू आणि भाकरीचा तो लेख माझ्या आजवरच्या लेखांत सगळ्यात जास्त वाचला गेला. एका बाईने लिहिलं की तिनेही घरी तसंच करून पाहिलं आणि नवऱ्याने घाबरून तिला बाहेर जेवायला नेलं, तेव्हा हा प्रयोग महिन्यातून एकदा करायला हरकत नाही. आत्या दोन दिवस राहून वैरागला परत गेल्या आणि तिकडे सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या, की माझ्या भाच्याची बायको फोनमध्ये लिहिते आणि त्यासाठी सासू केर काढते.

पुढच्या शुक्रवारी दाराआडचा विषय टाकायचा होता. मी बसमध्ये मागच्या सीटवर होते. घरून सासूबाईंचा फोन आला, त्यांनी वैरागचा फोनही त्यातच जोडून घेतला होता, हे त्या कधी शिकल्या कुणास ठाऊक.

"वन्सं म्हणतात, पहिलं वाक्य त्यांचं घाल," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हणतेय, आधी माझं."

"माझं घाल गं," आत्या वैरागहून ओरडल्या. "मी मोटी हाय की!"

"मोठ्या आहात म्हणून काय? ब्लॉग सोलापूरचा हाय!"

शेजारच्या सीटवरचे स्टोअरमधले साहेब वळून बघायला लागले. बस फाटकातून आत वळली तरी दोघींचा निकाल लागत नव्हता. मी म्हणाले, "दोघींचंही घालते," आणि खरंच दोन्ही वाक्यं एकाखाली एक टाकून लेख सोडून दिला. वाचल्याचा लेकीचा निरोप लगेच आला. दुपारपर्यंत तिला दम निघाला नव्हता.