चुडाव्याचे अलंकार गुरुजी

चुडाव्याच्या शाळेत अलंकार चुकला की छडी बसे. उपमेला एक, उत्प्रेक्षेला दोन. गावानं मराठीच्या गुरुजींचं नावच अलंकार गुरुजी पाडलं होतं. निजामाचं राज्य जाऊन शाळेत नुकतीच मराठी आली होती. गुरुजी स्वतः उर्दूत शिकलेले. उशिरा हाती लागलेल्या मराठीवर त्यांचा फार जीव.

भाषण करायलाही त्यांनीच मला शिकवलं. "एकच सवाल तीनदा विचार. पहिल्यांदा लोक ऐकतात, दुसऱ्यांदा माना हलवतात, तिसऱ्यांदा वरडतात. पण आधी सबूत पाहिजे. न्हाई तर ती नुसती चिथावणी." मी पहिलं तेवढं लक्षात ठेवलं.

मी बावीस वर्षांचा असताना चार दिवसांत गावातल्या अकरा म्हशी मेल्या. आमच्याही दोन गेल्या. त्याच आठवड्यात एक जडीबुटी विकणारा गावात आला होता. बाजाराच्या दिवशी मी पारावर चढलो. "जनावरांच्या हौदापाशी कोण बसला होता?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा अख्खा बाजार ओरडला आणि काठ्या निघाल्या.

तो माणूस जीव घेऊन शाळेत शिरला. गुरुजी दारात आडवे आले. "सबूत काय हाय? पाह्यलं कोणी त्याला?" उत्तर म्हणून काठी आली. पहिली खांद्यावर, दुसरी जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला गर्दीच्या मागं ऐकू आला. रक्त सदऱ्यावर सांडत होतं, तरी त्यांनी चौकट सोडली नाही. ते कोसळले तेव्हाच लोक थबकले. तोवर तो माणूस मागच्या खिडकीतून उडी टाकून पळाला होता.

आठ दिवसांनी जनावरांचा डॉक्टर आला. म्हणाला, घटसर्पाची साथ आहे. मी गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं. जबडा फडक्यानं बांधलेला. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'तिथंच जाऊन सांग. अलंकार नको.'

पुढच्या बाजारी मी पुन्हा पारावर चढलो. "हौदापाशी मी कोणालाच पाह्यलं नव्हतं. मी लबाड बोललो." ज्यांनी काठ्या चालवल्या होत्या, त्यांच्यातूनच एक दगड आला आणि माझी भुवई फुटली.

गुरुजींचं बोलणं पुन्हा कधी स्पष्ट झालं नाही. पोरांना समजेना, म्हणून त्यांनीच नोकरी सोडली. निरोपाला स्टेशनावर मी एकटा होतो. गाडी हलली तसे ते खिडकीतून वाकून मला काहीतरी सांगू लागले, लांबलचक, हातवारे करत. मी डब्याबरोबर पळत राहिलो. मला एकही शब्द कळला नाही. तरी मी मान हलवत होतो.