लाइट गेली होती म्हणे

जेसल पार्क वस्तीत माझं सायबर कॅफे होतं. कॉलेजातली एक मुलगी रोज यायची, ओढणी कमरेला खोचून टाइप करायची. कॉम्प्युटरच्या नेहमीच्या सिस्टीमला पर्याय असलेल्या एका खुल्या, फुकट सिस्टीमवर मराठी जोडाक्षरं नीट उमटावीत, ही सुट्टीतल्या एका प्रकल्पासाठी तिची कल्पना होती; त्यात निवड व्हावी म्हणून ती अर्ज लिहीत होती.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी झाडलोट करावी तशा गिऱ्हाइकांच्या फाइली कॉम्प्युटरवरून पुसल्या. तिने सेव्ह केलेला अर्जही त्यात गेला.

"रात्री लाइट गेली गं," मी म्हणालो.

"मग तुम्ही काय करणार, काका? पंखा तेवढा लावा." हसून तिने पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, संध्याकाळी अर्ज पाठवला.

लाइट गेल्याने सेव्ह केलेली फाइल पुसली जात नाही, हे मला पुढे कळलं. तिला तेव्हाच ठाऊक असणार.