टिंबताई आणि भिंतीएवढा पडदा

औषधांची माहितीपत्रकं छापणाऱ्या एका छापखान्यात टिंबताई बावीस वर्षं मुद्रितं तपासत होती. घडी घालून गोळ्यांच्या खोक्यात कोंबलेला तो कागद कोणी वाचत नाही. पण त्यातल्या '१.५'मधलं टिंब गळलं, तर दीडचे पंधरा होतात. अशी हरवलेली टिंबं शोधून काढायची म्हणून सगळे तिला टिंबताई म्हणत.

छापखान्याच्या मालकांना मोठ्या वस्तूंची फार आवड. टेबल मोठं, खुर्ची मोठी, आवाज तर विचारूच नका. एका सकाळी त्यांनी टिंबताईच्या संगणकाचा बावीस इंची पडदा हटवून तिथे त्रेचाळीस इंची पडदा बसवला.

"आता पान मोठं करून बघायची कटकटच नको! सगळं एकदम दिसेल," मालक म्हणाले.

दिसलं खरं. हातभर अंतरावरून 'क'च्या पोटाला जिन्यासारख्या पायऱ्या दिसल्या. टिंबाचा करडा चौकोन झाला होता. दुपारपर्यंत मान या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवून टिंबताईचं डोकं भणभणलं.

"साहेब, अक्षरं फाटतायत."

"वय झालं, ताई. डोळे तपासून घ्या," मालकांनी मायेनं सांगितलं.

आज्ञाधारक टिंबताईने डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, "नजर उत्तम आहे. काम काय करता?" पडद्याची गोष्ट ऐकून ते हसले, आणि टिंबताईचा मालकांवरचा राग पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्रितं तपासायचं भिंग आणि पट्टी काढली. अडगळीतला जुना पडदा आणून जोडला आणि दोन्ही पडद्यांवर एका इंचातले ठिपके मोजले. जुन्यावर शंभर, नव्यावर जेमतेम एक्कावन्न. मग मालकांना बोलावून आणलं.

"दोन्हीकडे एकूण ठिपके तेवढेच आहेत, साहेब. उभं-आडवं दुप्पट ताणलंय, म्हणजे एका खोलीचा रंग चार खोल्यांना फासलाय."

"पण हा मोठा आहे!" मालक म्हणाले.

तेवढ्यात औषध कंपनीच्या तपासनीस बाई आल्या. मालकांनी त्यांना थेट नव्या पडद्यापुढे नेलं, नाक लावून उभे राहिले आणि लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं पत्रक खणखणीत आवाजात वाचलं, "एका वेळी पंचवीस मिलीलिटर."

बाईंचा चेहरा उतरला. "अडीच आहे ते."

टिंबताईने पान मोठं केलं. दोन आणि पाचच्या मधलं टिंब जागच्या जागी होतं. मालक घाम पुसत म्हणाले, "मी मुद्दाम वाचलं. ताईंची परीक्षा घेत होतो."

"पास झाल्या," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "आमची पत्रकं त्यांनी जुन्या पडद्यावरच तपासावीत."

संध्याकाळच्या आत मोठा पडदा स्वागतकक्षाच्या भिंतीवर गेला. तिथे त्याच्यावर मालकांचा हसरा फोटो झळकू लागला. दहा हातांवरच्या सोफ्यावर बसलेले पाहुणे म्हणायचे, "काय सुरेख, स्पष्ट दिसतंय!" आणि ते खरंच होतं, तेवढ्या लांबून ठिपके कोणाला दिसतात!

"पहिल्यापासून माझ्या मनात हीच जागा होती," मालक प्रत्येकाला सांगत.

टिंबताईने पुढच्या महिन्यात बावीस इंचीच, पण दाट ठिपक्यांचा पडदा मागून घेतला. त्याच्यावर 'क'चं पोट इतकं गुळगुळीत दिसलं, की ती क्षणभर काम विसरून नुसतीच बघत बसली.