तानुबाईच्या कमरेचा चाकू

दुकानदारानं आधी तानुबाईपुढं अडकित्ता ठेवला, तिथंच तिचं डोकं फिरलं. मोर्शीहून मोटारीत धक्के खात ती अमरावतीला आली होती ती चाकू घ्यायला. मिटणारा, जाड पाठीचा, दिवसभर कमरेला राहील असा. बाईमाणूस म्हटलं की सुपारीच कातरणार, हे या लोकांना कोण शिकवतं कोण जाणे. तिनं अडकित्ता बोटानं मागं सारला, तेव्हा कुठं त्यानं दोन चाकू काढले.

एक विलायती. शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, उघडला की खट्टकन बसणारा. लढाई सुरू झाल्यापासून असा माल येत नाही, हा शेवटचाच, असं दुकानदार सांगत होता. दुसरा इथल्याच लोहाराचा. पातं बरं होतं, पण मूठ ओबडधोबड आणि खीळ ढिली. जोर लावला की पातं बोटांवर मिटायला बघायचं. डोळे झाकून पहिला घ्यावा अशी गोष्ट. तरी तानुबाई दुसराच हातात घेऊन बसली होती, आणि त्यापायी तिला स्वतःचाच संताप येत होता.

तानुबाई माळ्याची. नवरा गेल्यावर संत्र्याची कलमं करायचं त्याचं काम तिनं उचललं. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चिरायची आणि आत संत्र्याचा डोळा बसवायचा. धार बोथट असली की साल फाटते, डोळा वाळून जातो. तिच्याकडं नवऱ्याचा चाकू होता, पितळी मुठीचा, देखणा. गेल्या वर्षी धाकटी जाऊ गंगूबाई तो आपल्या थोरल्या मुलाच्या हळदीला घेऊन गेली. हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवरदेवाच्या हातात लोखंड हवं, आणि टोकाला लिंबू खोचलेलं. घरची सुरी चालली असती; पण वरातीत मिरवायला हाच पाहिजे होता. आणि नेताना वर सांगणं काय, तर तुम्ही मांडवात पुढं येऊ नका, लोक नावं ठेवतात. विधवेचा चाकू चालला, विधवा चालली नाही. तरी तानुबाईनं चाकू काढून दिला. चाकू परत आला तेव्हा लिंबानं पातं काळं पडलं होतं, धार खाल्ली होती. त्या मोसमात तिची निम्मी कलमं गेली.

म्हणून आता हा ओबडधोबड. याला कोणी मागायला येणार नव्हतं. पण खीळ पुन्हा हलली आणि तिच्या मनात आलं, त्यांनी मागू नये म्हणून आपण का बोटं कापून घ्यायची? तिनं विलायती उचलला.

माघात गंगूबाईच्या धाकट्याचं, शेषरावाचं लग्न निघालं. त्याला तानुबाईनंच कडेवर खेळवलेलं. गंगूबाई रोपांच्या वाफ्यावर आली, इकडचं तिकडचं बोलली आणि मग चाकूवर आली.

"चाकू देतो," तानुबाई म्हणाली, "पण थो माह्या कमरेचा हाये. मी संग येतो. शेषरावले पयली हळद मीच लावतो."

गंगूबाईचा चेहरा उतरला. मी काही म्हणत नाही, पण चार बाया काय म्हणतील, शुभकार्य आहे, असं ती पुटपुटत राहिली.

"मंग मी जिथं चालत नाही, तिथं माहा चाकूबी चालत नाही."

गंगूबाई उठली. जाता जाता तिची नजर झोपडीच्या कुडात खोचलेल्या विळ्यावर गेली. घाईघाईत घरात धड लोखंड नाही, चाकू राहू द्या, हा इळा तरी नेऊ काय, असं तिनं अगदी सरळ मनानं विचारलं.

तानुबाई चिखलाच्या हातानं उठली. कुडातला विळा तिनं काढला आणि चाकूशेजारी आपल्याच कमरेला खोचला.