ओरिनने शिंपला हातात धरला

ओरिन बीलबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मी शाळेत मास्तर होतो, पण असं काही लिहायची सवय नाही, त्यामुळे जमेल तसं सांगतो.

अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर ओरिन बावीस वर्षं शिंपल्यांचा वॉर्डन होता. पाण्यात विषारी शेवाळ आलं की ते विष शिंपल्यांत उतरतं, मग खाडी बंद होते, पाट्या लागतात. त्या पाटीपलीकडे कोण उतरतंय हे बघत ओरिन झाडीत बसायचा. नोकरी संपली तरी त्याची नजर तशीच राहिली. शेजाऱ्याने नवी बोट घेतली की, "आणली कुठून?" पाद्रीबाबांनी प्रवचन लवकर आटोपलं की, "यांना आज कुठं जायचंय?"

या नजरेपायी त्याचा मुलगा दुरावला होता. क्लेटन एकोणीस वर्षांचा असताना बंद खाडीत शिंपले काढताना सापडला, आणि त्याला पकडणारा ओरिनच होता. मुलाचा परवाना वर्षभर गेला. चार वर्षं तो बापाच्या दारात आला नाही. पुढे बोलणं सुरू झालं, पण हवापाण्यापुरतं.

आता क्लेटन बगळाटोकाजवळच्या पाण्यात दोर सोडून त्यांवर शिंपले वाढवतो आणि मर्ना कुशिंगच्या पबला देतो. सार्डिनच्या जुन्या कारखान्यात मर्ना स्वतःची बिअर बनवते. दर बुधवारी संध्याकाळी मी आणि ओरिन तिथे जातो. बिअरमध्ये शिजवलेल्या शिंपल्यांचं एक पातेलं आणि एक पिझ्झा, दोघांत. मुलाचा माल खायला येतो असं ओरिन कधी म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

जूनमधल्या एका बुधवारी मी तिसरा शिंपला उघडत होतो, तेवढ्यात ओरिन म्हणाला, "मास्तर, ठेव खाली."

"का रे?"

"ठेव म्हणतो ना. हे दोरावरचे नाहीत. दोरावरचा कसा पातळ, गुळगुळीत असतो. याची कड बघ, किती जाड आणि खरबरीत. हा तळावरचा आहे."

तळावरचे शिंपले आमच्याकडे सीलखाडीत मिळतात, आणि सीलखाडी शुक्रवारपासून बंद होती. माझी जीभ बधिर झाल्यासारखी वाटायला लागली. आसपास सात-आठ टेबलांवर तीच पातेली वाफाळत होती.

ओरिनने मर्नाला बोलावलं. "या गोणीची चिठ्ठी दाखव."

"अहो, आजोबा, निवृत्त झालात ना?" मर्ना हसली, पण चिठ्ठी घेऊन आली. शिंपल्यांच्या प्रत्येक गोणीला काढणाऱ्याचं नाव, जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधलेली असते, आणि ती तीन महिने जपावी लागते. हिच्यावर क्लेटनचं नाव होतं. जागा बगळाटोक, तारीख कालची.

"खोटं लिहिलंय," ओरिन पुटपुटला.

"ओरिन, आधी त्याला विचार तरी," मी म्हणालो. जरा मोठ्याने म्हणायला हवं होतं.

क्लेटन बारपाशीच उभा होता. ओरिन उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कुणी खाऊ नका! हे बंद खाडीतले आहेत." मग मुलाकडे वळून, "परत तेच केलंस?"

काटे-चमचे थांबले. एका बाईने तोंडातला घास कागदात काढला. मर्ना म्हणाली, "क्लेटन, काय म्हणतायत हे?"

क्लेटनने ग्लास खाली ठेवला आणि आमच्या टेबलाशी आला. मला वाटलं, आता हा ओरडणार. त्याने पातेल्यातला एक शिंपला उचलला आणि बापाच्या हातात दिला.

"कड बघितलीत, बाबा. आता टोक बघा."

ओरिनने चष्मा कपाळावर नेला आणि शिंपला डोळ्यांजवळ धरला. शिंपला टोकाकडून कडेकडे वाढतो. टोकाचा भाग पातळ आणि गुळगुळीत होता. मध्ये एक ठसठशीत रेघ होती आणि तिच्यापुढे सगळं खरबरीत.

"ऑक्टोबरच्या वादळात माझे अर्धे दोर तुटले," क्लेटन म्हणाला. "माल तिथेच तळाला गेला आणि तिथेच वाढला. जागा माझीच, तिथलं पाणी बंद नाही. काल वर काढला."

"दोर तुटले? मला बोलला नाहीस."

"काय बोलणार? तुम्ही विचारलं असतं, गाठी कुणी मारल्या होत्या."

कुणीतरी हसलं. ओरिनने दुसरा शिंपला बघितला, तिसरा बघितला. सगळ्यांवर तीच रेघ होती. मग तो खोलीकडे वळला. "माल चांगला आहे," तो म्हणाला. "चूक माझी. खा."

कुणी हात लावेना. ओरिन खाली बसला, पातेलं स्वतःकडे ओढलं आणि खायला लागला.

"गार झालेत, बाबा. मर्ना दुसरे देईल."

"नको."

त्याने एकेक करत सगळे संपवले. मला एकही दिला नाही. क्लेटन खुर्ची ओढून आमच्यात बसला आणि पिझ्झाचा एक तुकडा उचलला. ओरिनने डोकं वर केलं नाही, पण ताटली त्याच्याकडे सरकवली.