आप्पांना आग्रह शिकवणाऱ्या बाई

कुणाकडे काही वेगळं दिसलं की बाई डोक्यावर सरकवलेला चष्मा झटकन नाकावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "थांबा हं, हे मला नवीन आहे." आवाजात असा आनंद, की ऐकणाऱ्याला वाटावं यांना लॉटरीच लागली. आपण अशा वेळी काय म्हणतो ते आठवून बघा. "हे काय भलतंच!" म्हणतो आणि घरी येऊन हसतो. बाई तिथेच बसकण मारून विचारायच्या, असं का करता, आणि नाही केलं तर कुणाला वाईट वाटतं?

दिल्लीच्या द्वारकेतली आमची सोसायटी तेव्हा अगदी नवी होती. पाणी टँकरने यायचं, मेट्रोचे नुसते खांब उभे होते आणि लिफ्टला अजून रंगाचा वास होता. बाई आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांचे यजमान सैन्यातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले, मिशीतल्या मिशीत हसणारे आणि फार न बोलणारे. बोलण्याचं खातं बाईंकडे होतं. माहेर वाईचं, पण संसार सगळा जालंधर, जोरहाट, सिकंदराबाद असा छावण्याछावण्यांतून झालेला. गुडगावात परदेशी कंपन्या आल्या, त्यांच्या साहेबांची कुटुंबं आली, तेव्हा हिंदीत एम.ए. झालेल्या बाई त्यांना हिंदी शिकवू लागल्या.

"हिंदी काय, पुस्तकातूनही येईल," त्या म्हणायच्या. "मी त्यांना दिल्ली शिकवते."

त्यांच्या पहिल्या धड्यात क, ख, ग नसायचंच. शेजारीण झाकलेली वाटी घेऊन दारात आली तर काय करायचं आणि "बस, पाँच मिनट में आया जी" म्हणणारा प्लंबर साधारण कोणत्या वारी येतो, हा पहिला धडा. त्या धड्यानंतर एका जर्मन बाईंनी नळावरून रडणं सोडलं म्हणे.

दुसऱ्यांच्या फजितीवर बाई कधी हसल्या नाहीत. स्वतःच्या फजित्या मात्र त्या रंगवून रंगवून सांगायच्या. एका जपानी विद्यार्थिनीला भेट देऊन "उघडा ना, आत्ताच उघडा" असा लकडा लावला आणि ती बिचारी लालेलाल झाली, कारण त्यांच्यात देणाऱ्यासमोर भेट उघडत नाहीत. त्याहून जुनी गोष्ट जोरहाटची. नवं लग्न, नवं गाव. बाई शेजारणीकडे गेल्या, तर तिने पितळी ताटलीतून पान-सुपारी पुढे केली. "मी पान खात नाही," असं बाईंनी ठणकावून सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरातलं कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही.

"अगं, ते खायचं नव्हतंच," त्या मला सांगत होत्या. "ते त्यांचं 'या, बसा' होतं. मी दारातच परत केलं. तेव्हापासून ठरवलं, आपण शाळेत रसायनशास्त्र शिकतो ना, तसं हेही शिकायचं. नीट, बसून."

मी मनात म्हणायची, यात शिकायचं काय? माणसं मनाने चांगली असली की झालं. माझं हे मत मीनलचं लग्न ठरेपर्यंत टिकलं.

मीनल माझी धाकटी बहीण. गुडगावातल्या एका कंपनीत नोकरी करायची आणि आमच्याकडेच राहायची. कंपनीतल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा पंजाबी, घरचा चादरी-पडद्यांचा धंदा, आणि गाव पानिपत. आमची आई नव्हती. आप्पा सांगलीला एकटे. त्यांना फोनवर गावाचं नाव सांगितलं, तर त्यांनी ते दोनदा परत विचारलं. मग म्हणाले, "दुसरं गाव नाही मिळालं का तिला?" पण दिल्लीला आले, मुलाला भेटले आणि विरघळले.

आप्पांचं आयुष्यात एक तत्त्व होतं: लग्नात देणं नाही आणि घेणं नाही. माझ्या लग्नात त्यापायी ते सख्ख्या भावांशी भांडले होते. मला त्याचा अभिमान आहे.

तर एका रविवारी पानिपतहून मुलाचे आई-वडील आणि आत्या, म्हणजे बुआजी, गाडीने आले. बरोबर फळांच्या, सुक्यामेव्याच्या, मिठाईच्या सजवलेल्या टोपल्या. आम्ही पोहे आणि चहा दिला. छान गप्पा झाल्या. मग मुलाची आई उठली आणि एक लाल चुनरी उलगडून मीनलच्या डोक्यावर घालायला निघाली. आप्पांनी हात जोडले.

"हमारे में ये लेना-देना नहीं चलता. आप ये सब वापस लेके जाइए. हमको सिर्फ आपका प्रेम चाहिए."

मुलाच्या आईच्या हातात चुनरी तशीच राहिली. त्यांनी ती हळूहळू घडी घातली. जेवणाची वेळ झाली होती, म्हणून आप्पांनी विचारलं, "खाना खाएंगे क्या?"

"नहीं जी, तकल्लुफ़ क्यों करना," मुलाचे वडील म्हणाले.

"ठीक है," आप्पा म्हणाले आणि त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण दाबायला गेले.

गाडी गेल्यावर आप्पा खूश होऊन म्हणाले, "समजूतदार माणसं आहेत हो. एका शब्दात ऐकलं." मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी मुलाचा मीनलला फोन आला. त्याच्या घरी सुतक पडल्यासारखं झालं होतं. बुआजी म्हणत होत्या, लड़कीवालों ने शगुन लौटा दिया, रोटी तक नहीं पूछी. रिश्ता नहीं करना था तो सीधे कह देते. आई रडत होती. वडिलांनी मुलाला विषय बंद करायला सांगितला होता.

मीनल खोलीत जाऊन पडली. इकडे आप्पांचा पारा चढला. "घेतलं नाही म्हणून राग? आज देण्याचा हट्ट करतायत, उद्या मागण्याचा करतील. माझं परतीचं तिकीट काढ." दोन्ही घरं खरोखर भली, आणि पोरीचं लग्न मोडायला आलं होतं. मी तडक जिना चढून बाईंकडे गेले.

बाई आल्या, चष्मा नाकावर घेतला आणि सगळं पहिल्यापासून ऐकलं. टोपली कुणी धरली होती, चुनरी कुठपर्यंत आली होती, जेवणाचं किती वेळा विचारलं, सगळं.

"एकदा विचारलं," आप्पा म्हणाले. "ते नको म्हणाले."

"आप्पा, त्यांच्यात पहिलं 'नको' मोजतच नाहीत. आणि ती चुनरी म्हणजे घेणं नव्हे, ते त्यांचं 'पोरगी आमची झाली'. ते परत करणं म्हणजे नकार. त्यांना याहून मोठ्याने 'नाही' म्हणता येत नाही."

"अहो, पण मी हो म्हणालो होतो!"

"तुम्ही म्हणालात. त्यांच्यापर्यंत नाही पोचलं. तुमचा काही दोष नाही, त्यांचाही नाही. वाईट माणसं असती तर मी आलेच नसते. चांगल्या माणसांचं असं होतं ना, तेव्हा शिकावंच लागतं."

आप्पांनी मीनलच्या खोलीकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरीचं जुळेल ना हो?"

"जुळवू या. उद्यापासून तुमचा क्लास."

तो क्लास मी जन्मभर विसरणार नाही. सुभेदारसाहेबांना पाहुणा करून बसवलं. आप्पांनी वाढायचं.

"लाडू घेणार?" आप्पा.

"नको," सुभेदारसाहेब.

"बरं."

"नापास!" बाई ओरडल्या. "अहो, 'असं कसं, माझी शपथ' म्हणा. ताटात टाका!"

सुभेदारसाहेब मिशीही न हलवता लाडू खात राहिले. आप्पांना शपथ घालायला जमायला बराच वेळ लागला. मीनल दाराआडून बघत होती. त्या प्रकारानंतर ती पहिल्यांदा हसली.

पानिपतला आम्ही तिघं गेलो, आप्पा, बाई आणि मी. दार उघडलं, पण घर फुगलेलं होतं. पाणी आलं, बोलणं येईना. बाईंनी आडवळण घेतलं नाही, थेट सांगितलं, "भाई साहब ने हाँ कही थी जी. अपने तरीके से कही, आपको समझ नहीं आई. आपने भी अपने तरीके से कही, इनको समझ नहीं आई."

आप्पा उभे राहिले. "बेटी के ब्याह में कुछ नहीं लेना, ये मेरा नियम है. आपका अपमान करने का मन में भी नहीं था."

बुआजी आप्पांकडे बघत राहिल्या. मग बाईंना विचारलं, "अच्छा? तो आप लोगों में हाँ कैसे करते हैं?"

बाईंचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. त्यांनी पिशवीतून नारळ, खण आणि तांदूळ काढले, मुलाच्या आईला पाटावर बसवलं, पदर पुढे धरायला लावला आणि मीनलच्या आईच्या जागी मला उभं करून ओटी भरायला लावली. त्या माउलीला यातलं काही माहीत नव्हतं, पण पदरात नारळ पडला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती आत गेली आणि तीच घडी घातलेली चुनरी घेऊन आली. आप्पांनी दोन्ही हातांनी घेतली. टोपल्यांचं कोडंही सुटलं: मेवा-मिठाई तिथेच सगळ्यांनी मिळून खायची असं बाईंनी ठरवून टाकलं. तत्त्व राहिलं आणि माणसंही राहिली.

मग जेवण. बाईंनी गाडीतच बजावलं होतं, "पोट भरलं की नको म्हणून भागणार नाही, ताटावर दोन्ही हात आडवे धरा." आप्पांनी धरले. बुआजींनी हातांवरच पराठा ठेवला.

लग्न झालं. काही वर्षांनी बाई आणि सुभेदारसाहेब पुण्याला मुलाच्या जवळ राहायला गेले. तिथून फोन यायचे. "अगं, इथे चहा एकदाच विचारतात! मी सवयीने नको म्हणते आणि तशीच घरी येते. आता नव्याने अभ्यास करतेय." हसता हसता त्यांना खोकला यायचा. तो खोकला वाढत गेला हे आम्हाला उशिरा कळलं.

बाई गेल्याची बातमी आली तेव्हा मीनलच्या सासूबाई माझ्याबरोबर पुण्याला यायलाच निघाल्या. सांगलीहून आप्पा आधीच पोचले होते. बैठकीत पाच-पंचवीस माणसं खाली मान घालून बसलेली, कुजबुजीनेच बोलणारी. सुभेदारसाहेब खुर्चीत ताठ. सासूबाई आत आल्या, बाईंच्या फोटोसमोर बसल्या आणि गळा काढून रडू लागल्या. "हाय, मेरी बहन!" खोली दचकली. एकीने दुसरीकडे पाहिलं. नात्यातले कुणी गृहस्थ पाण्याचा पेला घेऊन पुढे आले आणि म्हणाले, "शांत व्हा, शांत व्हा."

आप्पा कोपऱ्यातून उठले. त्यांनी तो पेला त्या गृहस्थांच्या हातून काढून घेतला.

"रडू द्या त्यांना," ते म्हणाले, आणि खाली सतरंजीवर त्यांच्याजवळ बसले.

थोड्या वेळाने खुर्चीतून आवाज आला. सुभेदारसाहेबांनी तोंडावर पंचा धरला होता आणि ते मोठमोठ्याने रडत होते.